प्रतिध्वनीची वजाबाकी

दूरध्वनीवर बोलणाऱ्याला आपलाच आवाज परत ऐकू येण्याचा दोष दोन ठिकाणी उगम पावतो. पहिला उगम तारेत आहे. ग्राहकाच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत दोन्ही बाजूंचा आवाज एकाच जोडतारेवरून वाहतो, लांब पल्ल्याच्या मार्गावर मात्र आवाज वाढवणारी यंत्रे बसवावी लागत असल्याने जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक अशा दोन स्वतंत्र जोड्या लागतात. या दोन्ही रचना जिथे मिळतात तिथला 'हायब्रिड' नावाचा सांधा तारेशी नेमका जुळला नाही, की आलेल्या आवाजाचा काही अंश उलट फिरतो. दुसरा उगम खोलीत आहे. रिसीव्हर हातात न धरता बोलण्याच्या सोयीत स्पीकरमधून निघालेला आवाज भिंती, छत आणि टेबल यांवर आपटून त्याच खोलीतल्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि पलीकडच्या माणसाकडे परत जातो. आजच्या बैठकीच्या खोलीत बसवला जाणारा इको कॅन्सलर या दुसऱ्या दोषावरचा उपाय असला, तरी त्याची घडण पहिल्या दोषाशी झालेल्या झटापटीत झाली.

प्रतिध्वनी काही मिलिसेकंदांत परतला तर तो बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजात मिसळून जातो; जितका उशीर, तितका तो बोलण्यात अडथळा आणतो. त्यामुळे १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही दूरध्वनी सेवा सुरू होऊन अंतरे वाढली, तेव्हा हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतील बेल यंत्रणेने त्यावर 'इको सप्रेसर' म्हणजे प्रतिध्वनिरोधक वापरात आणला. एक बाजू बोलत आहे असे दिसताच परतीचा मार्ग तेवढ्यापुरता बंद करायचा, एवढेच त्याचे काम होते. त्याने प्रतिध्वनी थांबत असे, पण दोघे एकदम बोलले, मध्येच कोणी हुंकार दिला किंवा हरकत घेतली, तर प्रतिध्वनीबरोबर तो शब्दही कापला जाई.

हा उणेपणा जमिनीवरच्या तारांपुरता खपला, उपग्रहाने तो असह्य केला. ६ एप्रिल १९६५ रोजी सोडलेला 'अर्ली बर्ड' हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर होता. आवाजाला वर जाऊन खाली येण्यास जवळजवळ पाव सेकंद आणि प्रतिध्वनीला बोलणाऱ्यापर्यंत परतण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये सुरू झालेल्या उपग्रह भूकेंद्रातून परदेशाशी होणाऱ्या संभाषणालाही हाच विलंब सोसावा लागे, कारण तो यंत्राचा नसून अंतराचा होता. एवढ्या विलंबात उत्तर आले नाही असे समजून माणसे पुन्हा बोलू लागतात, दोन्ही आवाज एकमेकांवर आदळतात आणि नेमक्या अशा वेळी रोधक शब्द गिळतो.

बेल प्रयोगशाळेतील जॉन केली व बेंजामिन लोगन आणि भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी यांनी यातून काढलेली वाट वजाबाकीची होती. परतीचा मार्ग बंद करण्याऐवजी पलीकडून आलेल्या आवाजाची एक प्रत घ्यायची, तिच्यावरून प्रतिध्वनी कसा असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो परतीच्या आवाजातून वजा करायचा. वजाबाकीनंतर जी बाकी उरेल तिच्याकडे पाहून अंदाज पुन्हा सुधारायचा. स्वतःला असे सुधारत जाणाऱ्या गणिती रचनेला अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टर म्हणतात, आणि अशा सुधारणेची 'एलएमएस' ही साधी रीत विड्रो व हॉफ यांनी १९६० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडली होती. सोंधी यांचा निबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला, तर केली व लोगन यांना १९७० मध्ये मिळालेल्या अमेरिकन पेटंटचा क्रमांक नेमका ३५,००,००० हा होता. तरीही हे यंत्र खर्चिक राहिले, आणि १९८० च्या सुमारास ते एका चिपवर मावल्यानंतरच त्याच्या सर्रास वापराचा मार्ग मोकळा झाला.

त्या चिपची स्मृती १६ मिलिसेकंदांची होती. तारेतल्या प्रतिध्वनीला ती पुरे, पण तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम साडेपाच मीटर जातो, म्हणजे बेताच्या खोलीत समोरच्या भिंतीवर आपटून परत येण्याइतकेही नाही. खोलीतला घुमणारा आवाज शेकडो मिलिसेकंद रेंगाळतो. सेकंदाला १६,००० नमुने घेऊन २५० मिलिसेकंदांचा प्रतिध्वनी वजा करायचा, तर ४,००० गुणक सांभाळावे लागतात आणि साध्या रीतीने सेकंदाला सुमारे १२ कोटी ८० लाख गुणाकार पडतात. शिवाय तार स्थिर असते, खोली नसते. कोणी खुर्ची सरकवली किंवा दार उघडले, की शिकलेला अंदाज चुकतो. म्हणूनच बेल यंत्रणेने १९५४ मध्ये आणलेल्या स्पीकरफोनच्या पिढीला एका वेळी एकाच बाजूला बोलू देण्यावर समाधान मानावे लागले, आणि खोलीतली खरी वजाबाकी वेगवान अंकीय प्रक्रियक स्वस्त होईपर्यंत खोळंबली.

त्यानंतरही काही अडचणी उरल्या. दोघे एकदम बोलतात तेव्हा जवळच्या माणसाचा आवाजही यंत्राला चुकीची बाकी वाटतो आणि ते शिकलेले विसरू लागते, त्यामुळे अशी वेळ ओळखून शिकणे थांबवावे लागते. दोन स्पीकर असतील तर दोन्ही आवाज एकाच उगमाचे असल्याने अंदाज एकमेव राहत नाही, हे सोंधी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. संगणकात स्पीकर आणि मायक्रोफोन यांची घड्याळे किंचित वेगळी चालली, तरी वजाबाकीचा मेळ सुटत जातो. लहान स्पीकर मोठ्या आवाजात फाटतो, आणि त्या फाटलेपणाचा अंदाज साध्या फिल्टरला बांधता येत नाही.

या उरलेल्या अंशासाठी आजचे बहुतेक इको कॅन्सलर शेवटी एक रोधकच बसवतात. गूगलने २०११ मध्ये खुल्या केलेल्या वेबआरटीसी या ब्राउझरमधून थेट बोलण्याच्या प्रणालीच्या कॅन्सलरमध्येही तो आहे. १९२० च्या दशकातला उपाय असा नव्या यंत्राच्या पोटात टिकून आहे. म्हणून निवड करताना प्रतिध्वनी किती नाहीसा होतो, यापेक्षा तो वजा किती होतो आणि कापला किती जातो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. खोली घुमणारी असेल तर स्मृती लांब हवी, माणसे हलती असतील तर पुन्हा शिकण्याचा वेग हवा, आणि पडदे किंवा गालिच्याने खोली आधीच शांत केली, तर दोन्हींवरचा भार हलका होतो. एकच माणूस बोलत असताना रोधकही निर्दोष वाटतो. यंत्राची खरी पारख दोघे एकदम बोलतात तेव्हाच होते.