कोर्लईची भाषा आणि न्यू बेडफर्डचे पोर्तुगीज

पाव, बटाटा, चावी, बादली, पगार, लिलाव. घरात रोज वापरतो ते हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले. हापूसच्या नावातही 'अफोन्सो' दडलेला आहे. आजची गोष्ट त्यांच्या भाषेची आहे, आणि थोडी आपलीही.

अमेरिकेत पोर्तुगीज वस्ती पाहायची तर मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड आणि फॉल रिव्हरला जावं. एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीला निघालेली इथली जहाजं अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर थांबून खलाशी भरती करत. पुढे त्यांचे भाईबंद कापडगिरण्यांत कामाला लागले. कोकणातला माणूस गिरणगावात आला, तसंच.

सप्टेंबर १९५७ मध्ये अझोर्समधल्या फायाल बेटालगत समुद्रात ज्वालामुखी उसळला आणि तेरा महिने धुमसत राहिला. घरं, शेतं राखेखाली गेली. तेव्हा सिनेटर जॉन केनेडी आणि जॉन पास्टोर यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये खास कायदा झाला आणि १,५०० कुटुंबप्रमुखांना व्हिसाची सोय झाली. मग १९६५ चा स्थलांतर कायदा आला. त्याच दारातून ते आणखी आले, आणि आपणही.

न्यू बेडफर्डमध्ये मदेरा बेटावरच्या लोकांनी १९१५ मध्ये सुरू केलेला उत्सव आजही भरतो. डब्ल्यूजेएफडी हे पोर्तुगीज रेडिओ केंद्रही तिथलंच. तरीही नातवंडं आजीला इंग्रजीत उत्तर देतात, ही तक्रार तिथल्या घरांतही आहे. ओळखीची वाटते ना?

आता रायगड जिल्ह्यात चला. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे गेलं आणि पोर्तुगीज सत्ता तिथून उठली. पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीत, साधारण हजारभर लोकांत, पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून आहे. ते तिला 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. इंडियाना विद्यापीठाचे भाषातज्ज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे.

भोवती सगळी मराठी, शाळाही मराठी. मग ही बोली टिकली कशी? एक कारण म्हणजे धर्माने आणि जातीने ही वस्ती शेजाऱ्यांपासून वेगळी राहिली. लग्नं आपसांत झाली, घरात हीच बोली चालली. तसं वेगळं राहणं आपल्याला शक्य नाही, आणि नकोच आहे.

दुसरी गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. ही बोली शुद्ध राहिली नाही. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी गेलं. लिस्बनचा माणूस ऐकून गोंधळेल. कोर्लईकरांनी म्हणून बोलणं थांबवलं नाही.

आपली मुलगी म्हणते, "आई, मी होमवर्क फिनिश केलं." आपण हसतो, पाहुण्यांसमोर तिची नक्कल करतो. दोन-चारदा असं झालं की ती इंग्रजीकडे वळते, आणि मग रविवारची मराठी शाळा एकटी फार काही करू शकत नाही. उत्सव हवेत, शाळा हव्यात, आपला हा कार्यक्रमही हवा. पण आज जेवताना तिचं मोडकंतोडकं वाक्य न टोकता पूर्ण ऐकू या, आणि उत्तर मराठीत देऊ या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!