खंजिरी भजन : जुनें मूळ आणि नवी भर

नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरी हें गांव लागतें. तेथें १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. उपदेशक म्हणून त्यांची जितकी ख्याति, तितकीच खंजिरी भजनाचे गायक म्हणूनहि आहे. जुन्या परंपरेंत नव्या गाण्याची भर कशी पडते, याचें खंजिरी भजन हें वऱ्हाडांतील ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्रांतील भजनाची थोर परंपरा वारकऱ्यांची. टाळ, मृदंग, वीणा आणि अभंग हें तिचें साहित्य. एकानें चरण म्हणावा व सर्वांनीं तो उचलावा, ही तिची रीत. १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें जन्मलेल्या तुकडोजींनीं ही रीत सोडली नाहीं. साहित्य मात्र बदललें. खंजिरी म्हणजे एका बाजूस कातडें मढविलेलें लांकडी कडें. त्याच्या खांचांत धातूच्या चकत्या असतात. त्यामुळें एकाच वाद्यांतून ठेका आणि झांजेचा झणत्कार असे दोन्ही नाद निघतात. पदें मराठींत, तशींच हिंदींतहि रचिलीं गेलीं. संग्रहांत अनेक पदांच्या माथ्यावर ‘तर्ज’ छापलेली आढळते. म्हणजे लोकांच्या ओठीं आधींच असलेल्या एखाद्या गाण्याची चाल त्या पदास दिलेली असे. चाल ओळखीची, शब्द नवे. विषयहि केवळ देवाचा राहिला नाहीं. ग्रामसफाई, अस्पृश्यतानिवारण, व्यसनमुक्ति आणि देशाचें स्वातंत्र्य हींहि भजनांत आलीं.

या मिश्रणाची कसोटी १९४२ सालीं लागली. १६ ऑगस्ट रोजीं आष्टी व चिमूर येथें उठाव झाले. त्या भागांतील लोकांच्या मनांत महाराजांच्या भजनांनीं आधींच चेतना निर्माण केली होती. त्याच महिन्यांत त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें. निव्वळ करमणुकीच्या गाण्याला कोणतेंहि सरकार इतकें भीत नाहीं.

दूरदेशींहि असेंच घडलें आहे. महाराजांचें निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं झालें. त्याच सुमारास जमैका बेटांत ‘रेगे’ नांवाचें संगीत उदयास आलें. तेथील मेंटो हें लोकसंगीत, आफ्रिकी वंशजांचे ढोल आणि रेडिओवरून ऐकूं येणारीं अमेरिकन गाणीं यांचा तो मेळ. त्यांतूनहि दडपलेल्या जनांचें गाऱ्हाणें गायिलें गेलें. पुढें त्यांत नाना प्रकार मिसळले. तरी तालाच्या दुय्यम ठोक्यांवर पडणारा गिटारचा आघात ही त्याची ओळख राहिली.

वऱ्हाडांतहि पुढील पिढीनें भर घातली. अकोला जिल्ह्यांतील सत्यपाल महाराजांनीं एका खंजिरीच्या सात खंजिऱ्या केल्या आणि वऱ्हाडी बोलींतील कीर्तनांतून व्यसन व अंधश्रद्धा यांवर प्रहार केले. तेव्हां मिश्रण करावें कीं नाहीं, हा प्रश्न गौण आहे. समोरचा समुदाय चरण उचलून धरतो, तोंवर परंपरा जिवंत असते. तो नुसता ऐकत बसला, तर खंजिऱ्या सात असोत वा सत्तर, मूळ सुटलें असेंच म्हणावें लागेल.