हाताची चपळाई आणि धावता धोटा

एखाद्याचे काम झरझर चालताना पाहिले की आपण त्याच्या चपळाईचे कौतुक करतो. परंतु चपळाई आणि घाई यांत मोठे अंतर आहे. घाईने सूत तुटते. चपळ हात सूत तुटण्यापूर्वीच त्यावरचा ताण ओळखतो. हा भेद विणकराइतका दुसऱ्या कोणास ठाऊक असेल?

सातपुड्याच्या कुशीतील पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी बोलीचे तालुके. २०२३ सालापासून त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. हा मुलूख कापसाचा, आणि सौंसर व लोधीखेडा ही गावे हातमागाच्या कापडाबद्दल ओळखली जातात. तेव्हा हाताच्या चपळाईचा इतिहास या मागाच्या साक्षीनेच पाहू.

खड्डामागावर विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो. पावडी दाबताच ताण्याचे धागे दुभंगतात; त्या फटीतून एक हात धोटा फेकतो, दुसरा झेलतो, आणि लगोलग फणी ओढून बाण्याचा धागा ठोकला जातो. डोळा, हात आणि पाय यांचा एकच ताल! मात्र कापडाचा पन्हा हाताच्या पोहोचीबाहेर जात नसे. इंग्लंडात तर रुंद कापडास दोन विणकर लागत.

१७३३ साली जॉन के या इंग्रजाने मागाच्या दोन्ही टोकांना पेट्या बसवून दोरीच्या झटक्याने धावणारा धोटा काढला. आता एक माणूस रुंद कापड विणू लागला, तेही अधिक वेगाने. पोटावर पाय येईल या भयाने विणकरांनी त्यास विरोध केला. कारखानदारांनी त्याचा मोबदला बुडवला. आणि १७४७ मध्ये तो फ्रान्सला निघून गेला. पण विणाई वेगवान होताच सुताचा तुटवडा भासू लागला. त्यातून १७६४ च्या सुमारास हारग्रीव्ह्जचे सूतकताई यंत्र आले, मागोमाग गिरण्या आल्या. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सौंसरशेजारच्या नागपुरातच सुरू झाली, आणि हातमागाशी तिची स्पर्धा जुंपली.

गंमत अशी की, ज्या धोट्याने गिरण्यांच्या युगाला चालना दिली, तोच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील हातमागांवर पसरला आणि विणकराचा आधार झाला. तरीही एक काम त्याला सहज साधले नाही. लुगड्याच्या दोन्ही काठांचा बाणा अंगाच्या बाण्याहून निराळ्या रंगाचा हवा असेल, तर तीन धोटे लागतात, आणि काठापाशी धागा धाग्यात अडकवावा लागतो. तेथे दोरीचा झटका निरुपयोगी; बोटेच हवीत. एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. हातमाग मात्र देशातून अद्याप नाहीसा झालेला नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असा आग्रह धरला. आमच्या शाळांनी तो विचार लवकरच बाजूला सारला. पाठांतरात जलद असलेल्या मुलाला आम्ही हुशार म्हणतो. सुताची गाठ क्षणात मारणाऱ्याला नुसता ‘हाताचा कसबी’ म्हणून सोडून देतो. पण त्या बोटांतही स्मरण आहे, हिशेब आहे, निर्णय आहे. यंत्राचा वेग पैशाने विकत घेता येतो. हाताची चपळाई मात्र एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवावी लागते, आणि ही साखळी एका पिढीत तुटली, तर पुढल्या पिढीने ती कोणाकडून शिकावी?