ऑस्वेगोची लोहभट्टी

अमेरिकेच्या ऑरेगॉन प्रांतात, पोर्टलंड शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर, विलामेट नदीच्या तीरी ऑस्वेगो गावात जॉर्ज रॉजर्स या सद्गृहस्थाच्या नावाचे एक सार्वजनिक उद्यान आहे. तेथे हिरवळीवर मुले खेळतात, नदीकाठी मोठी माणसे उन्हात पहुडतात, आणि या सुखवस्तू वातावरणात काळ्या घडीव दगडांचा, पायथ्याशी कमानी असलेला, एखाद्या पडक्या गढीच्या बुरुजासारखा जो मनोरा उभा दिसतो, तो पॅसिफिक किनाऱ्यावरची पहिली लोहभट्टी होय, हे फलक वाचल्यावाचून सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

विल्यम लॅड या पेढीवाल्या धनिकाच्या पुढाकाराने पोर्टलंडच्या काही भांडवलदारांनी 1865 साली ऑरेगॉन आयर्न कंपनी काढली, आणि पूर्वेकडील कनेक्टिकट प्रांतातील भट्ट्यांचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून ही भट्टी बांधविली. जागेची निवड विचारपूर्वक झाली होती. जवळच्या टेकडीत खनिज होते, सभोवार सूचिपर्णी वृक्षांचे अरण्य पसरले होते, जवळच्या सरोवरातून नदीकडे झेपावणाऱ्या ओढ्याच्या बळावर भट्टीत हवा फुंकणारी यंत्रे चालणार होती, आणि तयार माल वाहून नेण्यास विलामेट दाराशीच होती. चुनखडी तेवढी उत्तरेकडील सॅन हुआन बेटांवरून आणावी लागे. 24 ऑगस्ट 1867 रोजी भट्टीतून पहिला रस बाहेर आला आणि वाळूतल्या चरांत त्याच्या लाद्या ओतल्या गेल्या.

परंतु या धंद्याचा खरा व्याप भट्टीत नव्हता, तर भट्टीबाहेर होता. वरच्या तोंडातून खनिज, चुनखडी आणि लाकडी कोळसा यांचे थर आळीपाळीने टाकावयाचे, खालून हवेचा झोत अहोरात्र चालू ठेवावयाचा, आणि चुनखडीने मातकट अंश मळीच्या रूपाने वेगळा काढला म्हणजे तळाशी साचलेले बीड सोडावयाचे, एवढी कृती मोजक्या माणसांच्या हातून होई. पण तिला लागणारा कोळसा पुरविण्यासाठी मैलोगणती रान तोडावे लागे आणि लाकडाच्या राशी धुमसत ठेवून रात्रंदिवस त्यांची राखण करावी लागे. आपल्याकडच्या लोणाऱ्यांना हे कष्ट सांगावयास नकोत. पुढे 1871 ते 1873 या काळात ट्वालाटिन नदीचे पाणी सरोवरात आणणारा कालवा खणला गेला, तोही बहुतांशी चिनी मजुरांच्या हातांनी.

धंद्याला मात्र स्थैर्य लाभले नाही. मालकी बदलली, कंपनीचे नाव दोनदा पालटले, भट्टी कधी पेटे, कधी महिनोन्महिने थंड पडे. 1885 साली ती कायमची विझली तेव्हा तिच्या खाती सुमारे 42,000 टन लोखंड जमा होते. 1888 मध्ये जवळच उभारलेल्या नव्या, मोठ्या भट्टीने 1890 या एका वर्षात 12,305 टनांची मजल मारली, पोर्टलंडच्या नळांसाठी बिडाचे पाइप येथेच ओतले गेले, आणि तरीही 1894 साली तीही विझली. गहू नेण्यासाठी येणारी जहाजे येताना तळभार म्हणून विलायती लोखंडच भरून आणीत, त्या स्वस्ताईपुढे महाग कोळशावर चाललेल्या भट्टीने काय टिकाव धरावा? आमच्या महाबळेश्वराच्या डोंगरांतील धावडांचा लोखंड गाळण्याचा उद्योगही त्याच शतकात बसला. तेथे जंगलखात्याच्या निर्बंधांनी कोळसा तोडला.

नवी भट्टी पुढे जमीनदोस्त झाली. जुनी मात्र दगडाची आणि निरुपयोगी, म्हणून वाचली. दरम्यान कंपनीने आपल्या जमिनी घरांसाठी विकावयास काढल्या, धुराने काळवंडलेले गाव श्रीमंतांची वसाहत बनले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास भट्टीभोवती उद्यान झाले. 1974 साली तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली; 2010 च्या सुमारास जीर्णोद्धारही पार पडला. तो चांगला झाला आहे, पण उद्यानात जतन झाले ते दगडकाम. श्रमाचा मोठा भाग ज्या रानात आणि ज्या कालव्यावर खर्ची पडला, तो कुंपणाबाहेरच राहिला, हे माझ्या मते या स्मारकाचे उणेपण आहे.

पोर्टलंडच्या परिसरात नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. त्यांनी ही भट्टी पाहून मागे फिरू नये. खाणीपर्यंतची जुनी वाट चालावी आणि त्या कालव्यावरही जावे, कारण त्यातून ट्वालाटिनचे पाणी सरोवरात आजही येते.