डनिच : गाव समुद्रात, खासदार संसदेत

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात उत्तर समुद्राच्या काठी डनिच नावाचे एक खेडे आहे. एक चर्च, एक छोटेखानी संग्रहालय, फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या भिंती आणि मोजकी घरे, एवढाच त्याचा पसारा. मात्र १२९८ पासून १८३२ पर्यंत या गावाचे प्रतिनिधी इंग्लंडच्या संसदेत बसत होते, आणि एका वेळी बहुधा दोन. या पाच शतकांत समुद्राने गावाचा बहुतेक भाग गिळला. संसदेतील जागांना मात्र धक्का लागला नाही.

मध्ययुगात डनिच हे मोठे बंदर होते. जहाजबांधणी, लोकरीचा व्यापार आणि हेरिंग मासळी यांवर त्याची भरभराट झाली. ११९९ मध्ये राजा जॉनने नगराला सनद दिली. समुद्राचे आक्रमण त्याही आधीचे होते. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीतच किनाऱ्याची शेतजमीन वाहून गेल्याची नोंद आहे. १२८० च्या दशकातील वादळांनी नगराचा लचका तोडला, तर १३२८ च्या वादळात बंदराचे तोंडच वाळू-गोट्यांनी बुजले. बंदर गेले तसा व्यापार गेला, आणि व्यापारापाठोपाठ माणसे गेली.

त्या काळी संसदेवर जाणे हा मान कमी आणि भार अधिक मानला जाई. प्रतिनिधीचा भत्ता नगरालाच द्यावा लागे. नगरांच्या प्रतिनिधींसाठी रूढ दर दिवसाला दोन शिलिंग होता. कंगाल झालेल्या डनिचला तो परवडेना. १४६३ मध्ये जॉन स्ट्रेंज या प्रतिनिधीने रोख भत्त्याऐवजी ठरावीक हेरिंग मासळी घेण्याचे मान्य केले, मग अधिवेशन कितीही लांबो. मतदार आणि प्रतिनिधी यांच्यातला इतका रोकडा व्यवहार संसदीय इतिहासात क्वचितच आढळेल.

पुढे वारे उलटे फिरले. संसदेचे महत्त्व वाढले आणि भत्ता मागणाऱ्यांच्या जागी पदरचे पैसे ओतून जागा मिळवणारे आले. सतराव्या शतकात नामवंत न्यायाधीश एडवर्ड कोक यांचे पुत्र हेन्री कोक येथून निवडून आले. यादवी युद्धात राजाची बाजू घेतल्याने त्यांना जागा गमवावी लागली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात, निसर्गाभ्यासक जॉन रे यांच्यासह युरोपभर फिरलेले सर फिलिप स्किपन येथील सदस्य होते. याच काळात डनिचची बाजारपेठ समुद्राच्या स्वाधीन झाली.

अठराव्या शतकात डनिच जवळजवळ खासगी मालमत्ता बनले. सर जॉर्ज डाउनिंग यांनी दीर्घकाळ येथील जागा राखली. लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटला ज्यांचे नाव आहे, त्यांचे हे नातू. यांच्याच संपत्तीतून पुढे १८०० मध्ये केंब्रिजचे डाउनिंग कॉलेज उभे राहिले. लेखक सोम जेनिन्स १७५४ ते १७५८ या काळात डनिचचे प्रतिनिधी होते. जगातील दुःखाचे समर्थन करू पाहणारा त्यांचा ग्रंथ १७५७ मध्ये निघाला आणि डॉ. जॉन्सन यांनी त्याचा खरपूस समाचार घेतला. गावाचे चर्च कड्याच्या दिशेने सरकणाऱ्या समुद्राची वाट पाहत असताना तेथील खासदाराने असा विषय निवडावा, हा योगायोगच!

त्यानंतर सूत्रे बार्न आणि व्हॅनेक या दोन जमीनदार घराण्यांकडे गेली. पिता, पुत्र, बंधू अशी नावे बदलत राहिली, आडनावे तीच. व्हॅनेक घराण्यातील लॉर्ड हंटिंगफील्ड यांची उमरावकी आयर्लंडची असल्याने त्यांना हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसता येई. मताधिकार फक्त ‘फ्रीमन’ म्हणवणाऱ्या नागरिकांना होता आणि अखेरच्या काळात त्यांची संख्या जेमतेम ३२ होती. मतदान उघड असे. गुप्त मतदान ब्रिटनमध्ये १८७२ मध्ये आले. जमीनदाराच्या डोळ्यांदेखत त्याच्याच कुळाने त्याच्या विरोधात मत देण्याचा प्रश्न उद्भवत नसे. याच वेळी मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या लाखाहून अधिक वस्तीच्या औद्योगिक शहरांना स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता.

सुधारणावाद्यांनी अशा मतदारसंघांना ‘कुजकी नगरे’ असे नाव दिले. ओल्ड सेरम हे त्यांतील सर्वांत बदनाम. पण तेथील वस्ती माणसांनी सोडून दिली होती, डनिच तर निसर्गाने हिरावून नेले होते. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ५६ नगरांचे प्रतिनिधित्व रद्द केले, त्यांत डनिच होते. नगरपालिका मात्र १८८६ पर्यंत तग धरून राहिली. ऑल सेंट्स हे जुन्यांपैकी शेवटचे चर्च १९०४ पासून तुकड्या-तुकड्यांनी कोसळत गेले आणि १९१९ मध्ये त्याचा मनोराही समुद्रात गेला. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ पासून ध्वनिलहरींच्या साहाय्याने समुद्रतळाची पाहणी करून बुडालेल्या नगराचा नकाशा तयार केला.

१९८३ पासून डनिच ‘सफोक कोस्टल’ या मतदारसंघात मोडते. २०१० पर्यंत जॉन गमर, त्यानंतर २०२४ पर्यंत थेरीज कॉफी हे हुजूर पक्षाचे खासदार येथून निवडून आले. ब्रिटनच्या मंत्रिमंडळात या दोघांनीही पर्यावरण खाते सांभाळले, गमर यांनी १९९३ ते १९९७ आणि कॉफी यांनी २०२२-२३ मध्ये. जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या जेनी रिडेल-कार्पेंटर यांनी कॉफी यांचा पराभव केला. किनाऱ्याची धूप आजही चालूच आहे.