सह्याद्रीच्या अलीकडचे प्रवाळ : घरगुती सागरी मत्स्यालयाची उभारणी

कृष्णा आणि येरळा या दोन नद्यांच्या मधल्या टापूत वसलेल्या कुंडलला समुद्राचा वारा लागत नाही. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. द्राक्षबागा आणि उसाच्या या मुलखात प्रवाळाची ओळख बहुधा अंगठीतल्या पोवळ्यापुरतीच असते. तरीही गोड्या पाण्यातले गोल्डफिश, गप्पी पाळून हात बसलेली हौशी मंडळी आज ना उद्या खाऱ्या पाण्याकडे वळतातच. जिवंत प्रवाळ, त्यांच्यामधून फिरणारे नारिंगी-पांढरे विदूषक मासे आणि खडकावरून चालणारा शंखखेकडा हे दृश्य मोहात पाडणारे असते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि घाटावरून सहलीला गेलेल्या कितीतरी मुलांनी समुद्रातले रंगीत मासे पहिल्यांदा तेथेच पाहिले. ते जग साठ सेंटिमीटर लांबीच्या काचेच्या टाकीत मांडता येते. मात्र त्यासाठी पैशापेक्षा संयम अधिक लागतो, आणि सुरुवातीला कायद्याची माहिती करून घ्यावी लागते.

प्रवाळ हा दगडही नाही आणि वनस्पतीही नाही. तो प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशाच्या साह्याने अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. जगभरातील प्रवाळांवर असे संकट १९९८, २०१० आणि २०१६ च्या सुमारास आले. चौथी जागतिक घटना सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तर विजयदुर्गसमोर खोल समुद्रात सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रे बँक नावाचे बुडालेले पठार प्रवाळांनी नटलेले आहे. मालवणला फिरायला गेल्यावर तेथून एखादा 'सुंदर दगड' पिशवीत घालून आणणे हा निरुपद्रवी छंद नाही, तो गुन्हा आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात २००१ मध्ये खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ, सागरी पंखे आणि सर्व प्रकारचे समुद्रघोडे घालण्यात आले. मृत प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. वनाधिकाऱ्यांना हा कायदा शिकवणारी राज्य शासनाची वनप्रबोधिनी खुद्द कुंडलमध्येच आहे, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा. शहरातील दुकानदार 'बाहेरून आलेला माल आहे' असे सांगतो तेव्हा आयातीची कागदपत्रे दाखव, असे ग्राहकाने म्हटलेच पाहिजे. कागद नसेल तर वस्तू घेऊ नये. घरगुती टाकीसाठी मऊ प्रवाळे, म्हणजे छत्रीसारखे मशरूम, गालिच्यासारखे पसरणारे झोआंथिड, चामड्यासारखे लेदर हीच योग्य निवड होय. ती वरच्या यादीत नाहीत, शिवाय नवख्या हाताच्या चुकाही पुष्कळ सोसतात.

आता टाकीकडे वळू. गोड्या पाण्याची ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच टाकी बहुतेक हौशी घरांत माळ्यावर पडून असते. ३३ सेंटिमीटरपर्यंत भरली तर तिच्यात सुमारे ५९ लिटर पाणी मावते. वाळू-खडकाची जागा वजा जाता ५० लिटर उरते. याहून लहान टाकी घेण्याचा मोह टाळावा, कारण पाणी जितके कमी तितके त्याचे गुणधर्म झपाट्याने बदलतात. भरलेल्या टाकीचे वजन ८० किलोच्या पुढे जाते. त्यामुळे टेबल भक्कम आणि पाणसळीत असावे, आणि टाकीखाली थर्माकोलचा पातळ तक्ता घालावा.

या टाकीत मुख्य बदल करायचा तो एका बाजूच्या कप्प्याचा. डाव्या किंवा उजव्या काचेपासून १० सेंटिमीटर अंतरावर एक उभी काच सिलिकॉनने बसवायची. तिच्या वरच्या कडेला कंगव्यासारख्या फटी ठेवायच्या. पाण्याच्या पृष्ठभागावर साचणारा तेलकट तवंग या फटींतून कप्प्यात ओढला जातो. कप्प्याच्या आत आणखी एक काच तळापासून तीन सेंटिमीटर वर उचलून बसवली की पाणी आधी खाली जाते, मग पलीकडे वर चढते. पहिल्या भागात गाळणीचा स्पंज व कार्बन, दुसऱ्या भागात हीटर आणि परतीचा पंप. पंपांसाठी देशभर नाव असलेल्या किर्लोस्करवाडीच्या शेजारी राहूनही या कामाला लागतो तो मुठीएवढा पंप! प्रवाळांना प्रवाह हवा असतो, म्हणून तासाला टाकीच्या दहा ते वीसपट पाणी फिरले पाहिजे. परतीचा पंप आणि टाकीत वेगळा बसवलेला छोटा प्रवाहपंप मिळून हा हिशेब साधतो.

सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेले असावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बहुधा बुरशीनाशक असते, ते वापरू नये. जोड तीन-चार दिवस पूर्ण वाळू द्यावा, मग साध्या पाण्याने टाकी भरून दोन दिवस गळती पाहावी. पंप बंद करूनही पाहावे. परतीच्या नळीचे तोंड पाण्यात खोल असेल तर वीज गेल्यावर टाकीतले पाणी उलटे ओढले जाऊन कप्प्यात येते. हे तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवले की प्रश्न मिटतो.

खडकाचा प्रश्न मात्र थोडा विस्ताराने पाहायला हवा. जकार्त्यातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जगापुढे मांडलेल्या पद्धतीत समुद्रातून उचललेला 'जिवंत खडक' हाच टाकीचा प्राण होता. पुढे बर्लिनच्या हौशींनी तीच पद्धत पुढे नेली. त्या खडकाच्या भोकाभोकांत राहणारे जीवाणू पाणी शुद्ध करतात. आपल्याकडे असा खडक समुद्रातून आणता येत नाही. अंगणातला काळा पाषाण दिसायला देखणा असला तरी ठोकर असतो, जीवाणूंना त्यात जागा कमी. यावर उपाय घरचा आहे. विटा-पलूस परिसरात कुक्कुटपालन मोठे, त्यामुळे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायचा शिंपल्यांचा चुरा सहज मिळतो. एक भाग पांढरे सिमेंट, तीन ते चार भाग हा चुरा आणि वर एक-दोन भाग जाडे मीठ कमीत कमी पाण्यात कालवून ओल्या वाळूच्या खळग्यात वेडेवाकडे गोळे घालावेत. घट्ट झाल्यावर पाण्यात टाकले की मीठ विरघळते आणि मागे भोके उरतात. ताज्या सिमेंटमुळे पाणी अतिशय अल्कधर्मी होते, म्हणून हे गोळे दीड-दोन महिने साध्या पाण्यात बुडवून पाणी वरचेवर बदलत राहावे. नव्या पाण्यात दोन दिवस ठेवूनही पीएच ८.५ च्या वर जात नाही असे दिसले की खडक तयार. येथे घाई करणाऱ्याची टाकी पहिल्याच आठवड्यात मरते.

पाण्याबाबत या भागाला दोन धोके आहेत. बोअरचे पाणी जड असते आणि उसाला घातलेल्या खतांतील नायट्रेट त्यात उतरलेले असण्याची शक्यता असते. घरचे आर.ओ. यंत्र पुरेसे नाही, कारण पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून त्यात क्षार राखले किंवा परत मिसळले जातात. त्या यंत्रापुढे डी-आयनायझेशनचे नळकांडे जोडून टीडीएस मीटरवर शून्याच्या आसपास आकडा येईल असे पाणी घ्यावे. दुसरा धोका अधिक कपटी आहे. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारले जाते आणि त्यात मोरचूद असते. तांब्याचा अंशही शंख, कोळंबी, प्रवाळ यांना घातक ठरतो. फवारणीची बादली, मग, नळी कितीही धुतलेली असली तरी या कामाला आणू नये. तांब्याची घागर आणि पितळी नळही तितकेच वर्ज्य.

स्वयंपाकाचे मीठ घालून समुद्र होत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम व क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे ठरावीक प्रमाण असते. मत्स्यालयासाठीचे तयार सागरी मिश्रण लिटरला साधारण ३६ ग्रॅम लागते. म्हणजे ५० लिटरसाठी सुमारे १ किलो ८०० ग्रॅम. ते वेगळ्या पिंपात पंप लावून चोवीस तास ढवळावे. क्षारता हजारी ३५, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.३ हे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

यानंतर येतो रिकाम्या टाकीकडे पाहत बसण्याचा काळ. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, एका प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. ही वस्ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यासाठी मासा बळी देण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाल्याकडचा नव्हे, प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा, सुमारे ०.३ ग्रॅम ५० लिटर पाण्यात घातला की लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. सोबत बाटलीबंद जीवाणू किंवा एखाद्या जुन्या सागरी टाकीतला स्पंजाचा तुकडा घालावा. घातलेला अमोनिया आणि मागाहून येणारे नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर आले की टाकी पाहुण्यांसाठी सिद्ध झाली.

उष्णतेच्या बाबतीत मुंबईपेक्षा कुंडल सुदैवी आहे, हे ऐकून नवल वाटेल. प्रवाळांना २५ ते २७ अंश तापमान मानवते आणि येथे एप्रिल-मे मध्ये पारा ३८ च्या पुढे जातो. पण हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही. पश्चिमेच्या भिंतीला टाकी ठेवू नये. पंख्यामुळे दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी उडते. मीठ मात्र मागेच राहते. तीन लिटर उडाले की क्षारता ३५ वरून ३७ वर जाते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई साध्या शुद्ध पाण्यानेच करायची, खाऱ्या नव्हे. बाष्पीभवनाने पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात उतरते, तेथे काचेवर रेघ ओढून ठेवावी. हिवाळ्याच्या रात्रींसाठी ५० ते १०० वॉटचा हीटर पुरे.

भारनियमनाचे दिवस मागे पडले असले तरी वळवाच्या वादळात वीज तासन्‌तास जातेच. अंधारापेक्षा प्रवाह थांबणे अधिक घातक, कारण प्राणवायू संपतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. इन्व्हर्टर असल्यास दिवे त्यावर न घेता केवळ प्रवाहपंप घ्यावा.

दिवे निळ्या-पांढऱ्या एलईडीचे, रोज आठ तास. पहिल्या महिन्यांत तपकिरी, मग हिरवे शैवाल माजते. त्याला घाबरून औषधे ओतणारे पुष्कळ असतात. प्रकाश कमी करणे, खाणे कमी टाकणे आणि शंख सोडणे एवढेच करावे. माशांमध्ये या आकाराच्या टाकीला विदूषक माशांची एक जोडी आणि एखादा छोटा गोबी पुरतो. विदूषक माशाची बंदिस्त पैदास केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने यशस्वी केली आहे, त्यामुळे टाकीत जन्मलेलाच मासा मागावा. तो समुद्रातून पकडलेला नसतो आणि टिकतोही अधिक. २००३ च्या 'फाइंडिंग निमो'ने प्रसिद्ध केलेला निळा मासा मात्र फुटापर्यंत वाढतो, त्याला या टाकीत कोंडणे क्रौर्य होय.

झोआंथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. त्यांनी भरलेला खडक गरम पाण्याने धुणे किंवा उकळणे जिवावर बेतू शकते, कारण ते वाफेबरोबर श्वासात जाते. लहान मुलांच्या घरात ही सूचना विसरू नये.

आठवड्याला पाच लिटर पाणी बदलावे. काढलेले खारे पाणी परसातल्या झाडांना घालू नये, आधीच क्षारपड जमिनीने त्रस्त असलेल्या या भागात तर नाहीच. नको झालेले मासे-शंखही ओढ्यात वा कृष्णेत सोडू नयेत. बाहेरगावी जायचे असेल तर मासे चार-पाच दिवस उपाशी राहू शकतात. शेजाऱ्याला चिमूटभर खाणे टाकायला सांगितले तर तो मूठभर टाकतो. त्यापेक्षा त्याच्याकडे शुद्ध पाण्याचा कॅन द्यावा आणि कप्प्यावरची रेघ दाखवून ठेवावी.