पाव टनाचा ट्रक

जीप हा ट्रक आहे असे मी म्हटले तर तुम्ही म्हणाल, बाईंचे आता वय झाले! पण अमेरिकन लष्कराच्या दप्तरात तिचे नाव 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर' असेच आहे. पाव टन म्हणजे तिने वाहायचे ओझे. असा एक ट्रक गेली तीन वर्षे माझ्या भाच्याच्या घरच्या गॅरेजमध्ये खोलून पडला आहे. रोजची गाडी त्यामुळे बाहेर उन्हात उभी. सूनबाई वैतागून म्हणाली, "मावशी, तुम्हीच सांगा ह्यांना काहीतरी." मी सांगायला गेले आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण तो असा नट-बोल्ट सुटे करून मांडलेला पहिल्यांदाच पाहत होते.

तर मंडळी, गोष्ट १९४० ची. युरोपात युद्ध पेटले होते आणि अमेरिकन लष्कराला घोडा व मोटारसायकल या दोघांच्या जागी एक हलकी, चारही चाके ओढणारी गाडी हवी होती. १३५ कारखानदारांना विचारणा झाली. अट अशी की नमुन्याची गाडी ४९ दिवसांत तयार हवी. बँटम नावाच्या एका छोट्या, डबघाईला आलेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून ते करून दाखवले. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या दारात हजर! पण लष्कराला हव्या होत्या लाखो गाड्या, आणि तेवढी बँटमची ताकद नव्हती. तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांना दाखवण्यात आले. ६० अश्वशक्तीच्या इंजिनामुळे विलीजची गाडी पसंत पडली आणि फोर्डनेही तीच बनवायची असे ठरले. दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला आले जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर. ज्याने पाया घातला त्याच्या हाती शेवटी ट्रेलर! असो.

दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसत. फोर्डने मात्र आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी 'एफ' अक्षर उठवले होते. भाच्याच्या गाडीची शॅसी विलीजची, डॅशबोर्डवरची पाटी १९४४ ची, आणि बोल्ट बरेचसे 'एफ'वाले. हे मुळातच असे होते की पुढे कुणी बदलले, कोण सांगणार? लष्कराच्या वर्कशॉपमध्ये दोन मोडक्या गाड्यांतून एक धड गाडी उभी करणे हे नित्याचे काम. म्हणजे ज्याला आपण 'ओरिजिनल' म्हणतो, ते युद्ध संपायच्या आतच सरमिसळ झालेले होते.

शिवाय सैनिकांनी या गाडीला काय काय केले म्हणून सांगू! तिच्यावर स्ट्रेचर बांधून रुग्णवाहिका केली. ब्रह्मदेशात रेल्वेची इंजिने नव्हती, तेव्हा जीपला लोखंडी चाके लावून रुळांवर डबे ओढायला जुंपले. गाडी जुनी व्हायच्या आधीच तिच्यात फेरबदल सुरू झाले होते.

युद्ध संपले आणि आपल्या देशात लष्करी मालाचे डोंगर उरले. डिस्पोजलचा माल लिलावात निघाला. 'डिस्पोजल' हा शब्द आमच्या लहानपणी खेड्यातल्या माणसालाही ठाऊक होता! दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा एक वेगळाच अध्याय मी वर्गात सांगत असे. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाख रुपयांचा जीपखरेदीचा करार केला. मद्रासला उतरल्या १५५ जीप, आणि लष्कराने त्या निकामी म्हणून घ्यायचे नाकारले. संसदेत वादळ उठले. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण संपल्याचे जाहीर केले. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा तो हा. जुन्याला रंग लावून नवे म्हणता येते, पण बॉनेट उघडले की खरे काय ते कळते.

पुढे मुंबईत महिंद्र कंपनी विलीजच्या जीप सुट्या भागांतून जोडू लागली, आणि हळूहळू जीप म्हणजे सरकार असे समीकरण झाले. गावात धुरळा उठला की आम्ही पोरे ओरडायचो, "जीपगाडी आली!" मग त्यातून मामलेदार उतरो, बीडीओ उतरो, नाहीतर मलेरियाची फवारणीवाली माणसे. १९७३ नंतर पेट्रोल भडकले, तेव्हा मालकांनी पेट्रोलची इंजिने काढून डिझेलची बसवली. मागे बाकडी वेल्डिंग केली आणि जीप वडापला लागली.

भाच्याच्या जीपने यातले पुष्कळ भोगले आहे. सांगलीकडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे ती उभी होती. इंजिन डिझेल, मागे बाकडी, पाट्यांच्या जागी कुठल्यातरी टेम्पोचे पाटे. बॉनेटवरचा रंग खरवडला तसे थर निघाले. वर लाल, त्याखाली पांढरा, त्यावर पुसट मराठी अक्षरे ('...प्रसन्न' एवढेच वाचता आले), आणि तळाशी लष्करी हिरवा. माझ्या डोळ्यांसमोर मोडी कागद आला! मूळ मजकूर एका हातचा, समासातला शेरा दुसऱ्या हातचा, पाठीवरची नोंद तिसऱ्याची.

भाच्याचा बेत ऐका. पेट्रोलचे जुने इंजिन मिळवायचे, बाकडी काढायची, सगळा रंग उडवून हिरवा मारायचा आणि बॉनेटवर मोठा पांढरा तारा काढून लष्करी क्रमांक घालायचा. त्याच वेळी बॅटरी सहा व्होल्टची बारा करायची, ब्रेक नव्या पद्धतीचे बसवायचे, इंडिकेटर आणि सीटबेल्ट लावायचे. त्याच्या मित्रांत यावरून दोन तट पडले. एक म्हणतो, ब्रेकला हात लावाल तर गाडी बाटली. दुसरा म्हणतो, गाडी चालवायची आहे की पुजायची?

कायदाही यात आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, पण शॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण खेड्यात राबलेल्या गाडीत बदल झालेले नसतील असे कसे होईल? कायदा गाडीचा जन्म पाहतो, तिचा संसार पाहत नाही.

मला विचाराल तर ब्रेक बदलण्यात काहीच पाप नाही. त्या गाडीत माझी नातवंडे बसणार आहेत, १९४४ चा सैनिक नव्हे. मला खटकला तो तारा. ही जीप कोणत्या तुकडीत होती, कोणत्या आघाडीवर गेली, याचा एकही पुरावा आपल्याजवळ नाही. मग तो क्रमांक कुठून आणायचा? पुस्तकातून बघून? इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढताना गावोगाव हिंडून अस्सल कागद जमवले ते कशासाठी? अस्सलाचा नवा, स्वच्छ उतारा काढला तर तो उतारा म्हणून उपयोगी पडतो. पण उताऱ्यावर खोटा शिक्का मारला की तो बनावट कागद होतो. नवे ब्रेक म्हणजे शेरा. खोटा क्रमांक म्हणजे बनावट शिक्का.

भाचा दोन दिवस रुसला. मग त्यानेच तोडगा काढला. तारा नाही, क्रमांक नाही. बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात वीतभर जागा तशीच ठेवून, तिथे लाल, पांढरा, हिरवा असे तिन्ही थर दिसू दिले आणि वर पारदर्शक वार्निश मारले. काढलेले डिझेल इंजिन भंगारात न देता पत्र्याखाली झाकून ठेवले आहे. (सूनबाईंचा यालाही विरोध आहे.) आणि मी एक दोनशेपानी वही आणून दिली. कोणता भाग काढला, कोणता बसवला, कुठून आणला, का बदलला, सगळे तारखेनिशी लिहायचे. त्याचे अक्षर दिव्य आहे, म्हणून नोंदी मीच करते. परवाची नोंद अशी: 'पुढचे ब्रेक बदलले. जुने ड्रम तेल लावून पेटीत ठेवले.'

वाचकहो, तुमच्या घरी एखादा जुना फोटो असेल, आजोबा धोतर सावरत उभे असतील आणि मागे कुणाची तरी जीप दिसत असेल, तर फोटोच्या पाठीवर साल आणि गाव आजच लिहून ठेवा. पेन्सिलने लिहा, म्हणजे शाई पुढे उमटत नाही.